चामखिळीवर बिब्बा आणि रुई: वनस्पती-अर्काची चाचणी कशी आखावी?

प्रश्न: वनौषधी_विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी विषाणूंमुळे त्वचेवर उठणाऱ्या विकारांवर वनस्पतींच्या अर्काचा काही उपयोग होतो का, हा विषय घेण्याचा माझा विचार आहे. रामटेक, उमरेड, भिवापूर या भागांतील गावांत चामखिळीवर बिब्ब्याचे तेल किंवा रुईचा चीक लावण्याची पद्धत अजूनही आहे आणि त्याने गुण येतो असे सांगणारी माणसे मला प्रत्येक गावात भेटली. नागिणीवरही वेगवेगळ्या पाल्यांचे लेप लावले जातात.

सध्याचा आराखडा असा आहे की बिब्बा, रुई आणि करंज यांचे अर्क काढावेत, ते हीला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींवर) तपासावेत, कारण त्या पेशींत चामखीळ आणणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूचा अंश असतो, आणि ज्या अर्काने सर्वाधिक पेशी मरतील त्याचे मलम करून ते चामखीळ असलेल्या काही रुग्णांना लावून पाहावे. हा आराखडा शास्त्रीयदृष्ट्या टिकेल का? टिकणार नसेल, तर मर्यादित वेळेत आणि मर्यादित साधनांत मी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, धंतोली

तुमचा विषय मोलाचा आहे, म्हणूनच आराखड्यातील सर्वांत कमकुवत जागा आधी सांगतो. चामखीळ बहुतेक वेळा आपोआप जाते. मुलांमध्ये तर सुमारे दोन तृतीयांश चामखिळी कोणताही उपचार न करता दोन वर्षांच्या आत नाहीशा होतात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा का होईना, विषाणूची दखल घेते. आता विचार करा की एखाद्या गावात शंभर मुलांनी रुईचा चीक लावला. त्यांतील बहुसंख्य मुले काही काळाने बरी झालेली दिसतील, आणि चिकात औषधी गुण मुळीच नसला तरीही दिसतील. ज्यांना गुण आला ते सांगत राहतात; ज्यांना आला नाही ते दवाखान्यात येतात किंवा गप्प राहतात. गावोगावी तुम्हाला भेटलेली माणसे खोटे बोलत नाहीत, परंतु त्यांच्या अनुभवावरून अर्काला श्रेय देता येत नाही. ते श्रेय ठरवण्याचा मार्ग एकच आहे: त्याच काळात, तशाच रुग्णांचा, अर्क नसलेले तसेच दिसणारे मलम लावणारा तुलनागट.

याचे उत्तम उदाहरण ग्रीन टीचे आहे. चहाच्या पानांतील कॅटेचिन द्रव्यांपासून केलेल्या १५ टक्के मलमाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये जननेंद्रियाच्या आणि गुदद्वाराच्या बाहेरील भागावरील चामखिळींसाठी मान्यता दिली, आणि वनस्पतिजन्य औषधांसाठी तेथे आखलेल्या स्वतंत्र मार्गाने मान्यता मिळालेले ते पहिले औषध ठरले. त्याच्या चाचण्यांत औषध लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण पूर्ण बरे झाले. पण नुसते मलम, म्हणजे ज्यात चहाचा अंशही नव्हता, ते लावणाऱ्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश रुग्ण पूर्ण बरे झाले. औषधाचे खरे कर्तृत्व या दोन आकड्यांच्या मधल्या अंतराएवढेच आहे. तुलनागट नसता तर सगळेच श्रेय चहाला गेले असते.

आणखी एक सापळा. कित्येक संशोधक एकाच रुग्णाच्या एका हातावर अर्क आणि दुसऱ्या हातावर प्रचलित उपचार अशी तुलना करतात. इराणमध्ये अंजिराच्या चिकाची गोठवण उपचाराशी अशीच तुलना झाली होती. रुग्ण कमी लागतात म्हणून ही पद्धत आकर्षक वाटते, परंतु चामखिळीच्या बाबतीत एका जागी दाह झाला की शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन दूरच्या, औषध न लावलेल्या चामखिळीही कधी कधी जातात. मग उजवा हात आणि डावा हात एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. म्हणून कोणाला कोणता उपचार द्यायचा याची चिठ्ठी रुग्णाच्या नावाने टाकावी, चामखिळीच्या नावाने नव्हे.

निदानही आधी पक्के करून घ्यावे. मानेवर आणि काखेत लोंबणाऱ्या मऊ मसांना घरोघरी चामखीळच म्हणतात, पण त्यांचा उगम विषाणूत नसतो. तळपायाची चामखीळ आणि भोवरी यांची गल्लत तर रोजची आहे. पात्याने वरची कठीण त्वचा खरवडल्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ती चामखीळ, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रथम शिकवतो. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्याला अशा चाचणीत घेऊ नये.

बिब्ब्याबद्दल मला फार कळकळीने लिहावेसे वाटते. त्याच्या फळाच्या सालीतील काळ्या तेलात भिलावनॉल वर्गाची फिनॉली द्रव्ये असतात, ती त्वचा जाळतात, शिवाय अनेकांच्या शरीरात त्यांच्याविषयी तीव्र ॲलर्जी निर्माण करतात. कपड्यांवर धोब्याची खूण करण्यासाठी हे तेल वापरत तेव्हा त्या खुणेखालच्या त्वचेला दाह होत असे, ही नोंद वैद्यकीय लेखनात जुनी आहे. चामखिळीवर बिब्बा लावून आलेल्या रुग्णांत मला चामखीळ गेलेली आणि तिच्या जागी रुपयाएवढा काळा डाग किंवा वाढलेला व्रण उरलेला, असे चित्र वारंवार दिसते. कधी फोडाच्या कडेने नव्या चामखिळींचे कडेच उभे राहते, कारण जखमी त्वचेत विषाणूला शिरायला वाट मिळते.

उत्तर: विषाणू_अभ्यासक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. प्रयोगशाळेतील भागाबद्दल सविस्तर लिहिते, कारण प्रबंध तिथेच उभा राहील किंवा कोसळेल.

हीला पेशी या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांत पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची काही जनुके पेशीच्या गुणसूत्रांत शिरून बसलेली आहेत; त्या पेशी नवे विषाणू तयार करत नाहीत. हाताच्या साध्या चामखिळी मुख्यतः २, २७, ५७ अशा वेगळ्याच प्रकारांमुळे होतात. तेव्हा तुमच्या अर्काने हीला पेशी मेल्या, तर त्यातून एवढेच सिद्ध होते की अर्क पेशींना मारक आहे. साबण टाकला तरी त्या मरतील. या प्रयोगाला विषाणूरोधक चाचणी म्हणता येणार नाही, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारला तर त्याला उत्तर नाही.

खरी अडचण अशी आहे की चामखिळीचा विषाणू नेहमीच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीतील पेशींच्या एका थरावर वाढतच नाही. त्याचे आयुष्य त्वचेच्या थरांशी बांधलेले असते. तो सर्वांत खालच्या पेशीत शिरतो आणि ती पेशी वर सरकत पक्व होईल तसतसा तयार होतो. त्यासाठी प्रयोगशाळेत त्वचेसारखी अनेक थरांची ऊती वाढवावी लागते, आणि ते पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले काम नाही. त्वचेवर मोत्यासारखे दाणे आणणाऱ्या मॉलस्कमच्या विषाणूचीही तीच कथा आहे. म्हणून मी सुचवीन की चामखीळ बाजूला ठेवून ओठांवर पुरळ आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार १, घ्यावा. तो व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींवर, सहज वाढतो, दोन-तीन दिवसांत पेशींच्या थरात मोजता येतील अशी भोके पाडतो, आणि ॲसिक्लोव्हिर हे खात्रीचे औषध तुलनेला उपलब्ध आहे. जैवसुरक्षेची दुसऱ्या पातळीची प्रयोगशाळा मात्र हवी. ती तुमच्या महाविद्यालयात नसेल तर शहरातील एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी करार करून काम करावे.

आता मोजायचे काय? दोन आकडे. पहिला, अर्काच्या किती मात्रेला निम्म्या निरोगी पेशी मरतात. दुसरा, किती मात्रेला विषाणूची वाढ निम्म्यावर येते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की निवडकतेचा निर्देशांक मिळतो. तो एक किंवा दोन असेल तर अर्क विषाणूला आणि पेशीला सारखाच मारतो आहे, आणि ज्या प्रबंधांत फक्त दुसरा आकडा छापलेला असतो ते मी बाजूला ठेवते. निर्देशांक दहाच्या वर गेला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, असे साधारणपणे धरतात.

यानंतर अर्क केव्हा घातला याला महत्त्व आहे. संसर्गाआधी पेशींना, विषाणूला थेट, संसर्ग होत असताना आणि संसर्ग झाल्यावर, असे चारही प्रयोग वेगवेगळे करावेत. टॅनिन (वनस्पतींतील तुरट द्रव्ये) भरपूर असलेले बहुतेक अर्क विषाणूच्या बाहेरील प्रथिनांना चिकटून त्याला पेशीवर बसू देत नाहीत, त्यामुळे एकत्र घातल्यास निकाल अतिशय सुंदर दिसतो. तोच अर्क संसर्ग झाल्यानंतर घातला तर काहीच घडत नाही. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला संसर्ग आधीच झालेला असतो, हे लक्षात ठेवून निकालाचा अर्थ लावावा. सॅपोनिन (साबणासारखी फेसाळणारी द्रव्ये) असलेले अर्क पेशींची आणि विषाणूची दोन्हींची आवरणे फोडतात. हळदीतील कर्क्युमिन तर इतक्या निरनिराळ्या चाचण्यांत फसवे यश दाखवते की ते अशा फसव्या रेणूंचे नेहमीचे उदाहरण झाले आहे.

एक बारकावा, जो विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी वापरली जाणारी एमटीटी ही रंगचाचणी वनस्पतींच्या पॉलिफिनॉलमुळे चुकू शकते. ही द्रव्ये पेशी नसतानाही त्या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. प्रत्येक बशीत पेशींविना फक्त अर्क असलेले खळगे ठेवलेच पाहिजेत, आणि शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळा घ्यावा. अर्क विरघळवण्यासाठी डीएमएसओ वापरणार असाल तर त्याचे अंतिम प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवून तेवढेच प्रमाण तुलनेच्या खळग्यांतही घालावे.

वनस्पतीची ओळख विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून करून घेऊन नमुना जतन करावा. कोणत्या महिन्यात, कोणत्या जागेवरून, झाडाचा कोणता भाग घेतला हे लिहून ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत वाळवलेला पाला आणि श्रावणात वाळवलेला पाला यांत एकसारखी द्रव्ये राहतील अशी अपेक्षा ठेवू नये. करंजाच्या बियांत करंजिनसारखे ओळखीचे घटक आहेत, त्यांचे प्रमाण प्रत्येक घाण्यात मोजता येते. माझ्या मते तुमच्या तीन वनस्पतींपैकी सुरुवातीला तीच सर्वांत सोयीची.

उत्तर: वैद्य, महाल

दोन्ही उत्तरे मनापासून आवडली. आयुर्वेदाच्या बाजूने काही भर घालतो आणि एका मुद्द्यावर नम्रपणे मतभेदही नोंदवतो.

सुश्रुतसंहितेत चर्मकील (चामखीळ) आणि मषक (मस) यांची चिकित्सा सांगताना शस्त्राने काढून क्षाराने किंवा अग्नीने दाह करावा असे सांगितले आहे. म्हणजे दाहकर्म हाच तेथे उपचार आहे, आणि तो वैद्याने आपल्या हाताने, मोजून, आजूबाजूची त्वचा राखून करायचा आहे. आघाड्याची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेला अपामार्ग क्षार हा तीव्र अल्कली पदार्थ आहे. त्याच्या कार्याचे श्रेय आघाड्याच्या पानातील एखाद्या विषाणूरोधक रेणूला देता येणार नाही, कारण जाळल्यावर तो रेणू उरतच नाही. येथपर्यंत मी वरील दोघांशी सहमत आहे.

मतभेद असा की जाळून काढणे हा कमी दर्जाचा उपचार आहे, असा सूर या चर्चेत येऊ नये. सॅलिसिलिक आम्ल त्वचेचे थर सोलते, द्रवरूप नायट्रोजन ऊती गोठवून मारतो. विषाणूला थेट मारणारे त्यांत काहीही नाही, तरीही ते प्रमाण उपचार आहेत. पोडोफायलम या वनस्पतीचा राळेसारखा अर्क घ्या. जननेंद्रियावरील चामखिळींवर त्याचा उपयोग १९४२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला आणि पुढे त्यातील पोडोफायलोटॉक्सिन हे द्रव्य वेगळे करून अर्ध्या टक्क्याचे द्रावण औषध म्हणून आले. ते पेशीविभाजन थांबवते; विषाणूशी त्याचा थेट संबंध नाही. कच्च्या राळेत घटकांचे प्रमाण घाण्यागणिक बदलत असे आणि ती अंगात शोषली गेल्यास मज्जासंस्थेवर विषारी परिणाम होत. शुद्ध द्रव्याने मात्रा हातात आली. गर्भवतीला मात्र दोन्ही वर्ज्य आहेत. विद्यार्थिनीने हा इतिहास जरूर अभ्यासावा, कारण घरगुती लेपापासून मोजलेल्या औषधापर्यंतचा रस्ता त्यात स्पष्ट दिसतो.

भल्लातक म्हणजे बिब्बा, अर्क म्हणजे रुई, आणि स्नुही म्हणजे थोर या तिन्ही वनस्पती औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषारी द्रव्ये म्हणून नोंदलेल्या आहेत. शास्त्रात भल्लातक शोधनाशिवाय, म्हणजे विषारीपणा कमी करणाऱ्या शुद्धीकरणाशिवाय, वापरत नाहीत. आपण अशोधित बिब्ब्याचा अर्क तपासणार असाल तर शोधितही सोबत तपासावा, म्हणजे शोधनाने दाहकता किती घटते याची नोंद तरी हाती येईल; हे काम स्वतंत्रपणे उपयोगी ठरेल. रुईचा चीक हाताळताना चष्मा आणि हातमोजे अनिवार्य समजावेत. तो डोळ्यांत गेल्यास बुबुळाला सूज येऊन दृष्टी धूसर होते, आणि सुरुवातीला वेदना फारशी नसल्यामुळे माणूस उपचाराला उशीर करतो.

उत्तर: पशुवैद्यक, हिंगणा मार्ग

ताई, जनावरांचा विचार केलात का? वासरांच्या मानेवर, डोक्यावर आणि गाईंच्या सडांवर येणाऱ्या चामखिळी गोवंशीय पॅपिलोमा विषाणूमुळे होतात आणि पशुपालक त्यांवरही बिब्बा लावतात. त्याही बहुतांशी काही महिन्यांत आपोआप गळतात, त्यामुळे तुलनागटाचा नियम येथेही तसाच लागू आहे, पण एकाच गोठ्यातील एकाच वयाची वासरे मिळाल्यास तुलना अधिक स्वच्छ होते. सडावर दाहक काहीही लावू नये. दूध काढणे अशक्य होते आणि स्तनदाह जडतो. २०२२ मध्ये गुरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा हळद, कडुनिंब, मेंदी, लसूण यांचे लेप गाठींवर सर्रास वापरले गेले. जखमेवर माश्या बसू न देणे, ती कोरडी ठेवणे यासाठी अशा लेपांचा आधार घेता येतो; रोग आवरण्याचे काम मात्र लसीकरणाचे होते. प्राण्यांवरील प्रयोगालाही संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, हे विसरू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर: वनौषधी_विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हीला पेशींचा भाग मी वगळते आहे. करंजाच्या बियांचा प्रमाणित अर्क, हर्पीस विषाणू आणि व्हेरो पेशी यांपुरता प्रबंध ठेवावा, आणि शोधित व अशोधित बिब्ब्याच्या दाहकतेची तुलना हा छोटा जोडविषय घ्यावा, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरवते. तरीही पुढे कधी रुग्णांवर चाचणी करायची झाली तर किती रुग्ण लागतील आणि कोणत्या परवानग्या घ्याव्या लागतील, हे धंतोलीच्या सरांनी सांगितल्यास नियोजन करता येईल. नागिणीचा विषयही मनात आहे.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, धंतोली

रुग्णसंख्येचा हिशेब असा. तुलनागटात ३० टक्के आणि अर्काच्या गटात ५० टक्के रुग्ण बरे होतील असे गृहीत धरले, चुकीने यश जाहीर करण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणि खरे यश हुकण्याची शक्यता २० टक्क्यांवर ठेवली, तर प्रत्येक गटात ९३ रुग्ण लागतात. काही जण मधेच येणे थांबवतील; ते प्रमाण १५ टक्के धरल्यास प्रत्येक गटात सुमारे ११० जणांची नोंदणी करावी लागेल. फरक याहून लहान असेल तर संख्या झपाट्याने वाढते. वीस-पंचवीस रुग्णांच्या चाचणीतून अर्क उपयोगी आहे असेही ठरत नाही आणि निरुपयोगी आहे असेही ठरत नाही. लोकांना तेवढा त्रास देणे मग उचित नाही. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवीच, कारण गेलेली चामखीळ परत येते. तपासणाऱ्याला कोणते मलम कोणाला दिले हे माहीत नसावे; करंजाचा वास लपणे अवघड आहे, तेव्हा तुलनेच्या मलमालाही तसाच रंग आणि वास देण्याची सोय औषधनिर्मितीच्या टप्प्यावरच करून ठेवा. हे काम तुमच्या शाखेचे आहे आणि तुम्ही ते आमच्यापेक्षा चांगले कराल.

परवानग्यांबाबत: वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध केलेला, किमान चार घटकांचे प्रमाण निश्चित केलेला अंश २०१५ पासून आपल्या कायद्यात फायटोफार्मास्युटिकल या वर्गात येतो, आणि नवे औषध म्हणून त्याच्या मानवी चाचणीला २०१९ च्या नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. नोंदणीकृत नैतिक समितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदणी, या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजा. पुढे विक्रीसाठी औषध करण्याचा विचार झाला तर राज्य जैवविविधता मंडळाशी बोलावे लागेल. त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, ही सोय आहे.

दाहकतेची तपासणी केवळ दोन-चार आठवड्यांची ठेवू नका. युफोर्बिया कुळातील एका वनस्पतीच्या चिकातून मिळालेले इंजिनॉल मेब्युटेट हे औषध उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले होते; पुढे ते लावलेल्या जागी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याची चिंता निर्माण झाली आणि २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून ते मागे घेतले गेले. शेराचा चीक त्याच कुळातला आहे आणि आपल्याकडे तो कुंपणाच्या झाडाचा म्हणून निर्धास्तपणे लावला जातो.

नागिणीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तिच्यावर ॲसिक्लोव्हिर वर्गाची औषधे आहेत, ती पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास उत्तम काम करतात, आणि कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण असेल तर उशिरामुळे डोळा जाऊ शकतो. तेव्हा अर्क एका गटाला आणि औषध दुसऱ्या गटाला अशी चाचणी कोणत्याही नैतिक समितीने मान्य करू नये. दोन्ही गटांना औषध द्या आणि एका गटाला अर्काचे मलम वरून द्या. वेदना आणि जखम सुकण्याचे दिवस मोजा. चामखिळीच्या चाचणीतही संमतिपत्रात मराठीत सरळ लिहा की सॅलिसिलिक आम्लाचे स्वस्त औषध उपलब्ध आहे, आपण काही केले नाही तरी चामखीळ जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपण केव्हाही चाचणीतून बाहेर पडू शकता. हे वाचूनही जे रुग्ण तयार होतील त्यांनाच घ्या. आराखडा तयार झाला की येथे टाका. तुलनेच्या मलमाचा मसुदा मी स्वतः पाहून देईन.